परदेशातून आलेल्या घरच्यांना घेऊन अलिबाग: भाऊचा धक्का ते मांडवा रोरोचं परीक्षण

नवी मुंबईतल्या घरांत परदेशातून माणसं येतात ती ठरलेल्या दोन हंगामांत. अमेरिका, इंग्लंड, आखातातल्या शाळांना सुट्टी लागली की जून ते ऑगस्ट, नाहीतर नाताळच्या आगेमागे. ऑस्ट्रेलियातली मंडळी डिसेंबर-जानेवारीत. मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा, त्यातले निम्मे दिवस लग्नकार्य, बँक, दाताचे डॉक्टर आणि नातेवाइकांकडची जेवणं यांत जातात. समुद्रासाठी कसाबसा एक दिवस उरतो. तो अलिबागला घालवायचा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रोरो, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणारी बोट, वाशी-नेरुळ-बेलापूरकरांच्या कितपत कामाची, ते इथे बघू. आमचं मत आधीच सांगतो: बरोबर सत्तरीपुढचे आजी-आजोबा आणि दहाच्या आतली नातवंडं दोन्ही असतील तर रोरोच घ्या. चार धडधाकट माणसं असाल तर तिच्यावर पैसे घालवायची गरज नाही.

रोरोबद्दल नेहमी एक आकडा ऐकायला मिळतो. भाऊच्या धक्क्यापासून मांडवा रस्त्याने ११० किलोमीटर आणि तीन-चार तास, पाण्यातून साधारण १८ किलोमीटर आणि एक तास. आकडा खरा आहे, पण तो दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांसाठी. बेलापूरहून अलिबाग पळस्पे, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड या रस्त्याने पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. मधल्या वारी सकाळी सहाला निघालात तर दोन तासांत समुद्र दिसतो. रोरोचा हिशोब मांडा: घर ते धक्का पाऊण ते एक तास, गाडी रांगेत लावून पाऊण तास, समुद्रात एक तास आणि मांडव्याहून अलिबाग वीस किलोमीटर म्हणजे आणखी चाळीस मिनिटं. एकूण साडेतीन तास धरून चाला. नवी मुंबईकराचा वेळ रोरोने वाचत नाही, हे मनाशी पक्कं करून मगच तिकीट काढा.

मग घ्यायची कशासाठी? वडखळच्या पुढच्या रस्त्यासाठी. वडखळ ते अलिबाग हा रस्ता बराचसा दुपदरी आहे, त्यावर अवजड वाहनं असतात आणि शनिवारी सकाळी व रविवारी संध्याकाळी तो तुंबतो. तिथे अडकल्यावर गाडी लागणारं मूल, गुडघे आखडलेल्या आजी आणि तासाभरात बाथरूम लागणारे आजोबा यांचं काय करायचं याला उत्तर नसतं. रोरोवर माणूस उठून चार पावलं चालतो, स्वच्छतागृह हाताशी असतं, चहा मिळतो आणि मुलांच्या दृष्टीने सहल बोटीवर पाय ठेवल्यापासूनच सुरू झालेली असते. अमेरिका-ऑस्ट्रेलियातून नुकत्याच आलेल्या मंडळींची झोप तशीही पहाटे तीनलाच उघडते. त्यांना सकाळची पहिली फेरी जड जात नाही, जड जाते ती आपल्याला. मात्र त्याच कारणाने दुपारी तीनला मुलं पेंगतात, तेव्हा जे काही बघायचं ते दुपारच्या जेवणाआधी ठेवलेलं बरं.

तिसराही एक मार्ग आहे. नेरुळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल (जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत जाते), तिथून रिक्षाने करंजा आणि करंजाहून रेवसची लाँच. पाण्यातला प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा आणि खिशाला सगळ्यांत हलका. तरुण मंडळींनी हाच घ्यावा. अडचण चढण्या-उतरण्याची. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, लाँच हलत असते, ओहोटीला पाणी खाली गेलं की पायरी आणि बोट यांच्यात मोठा टप्पा पडतो, आणि खलाशी हात देत असला तरी दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला ते जमत नाही. रोरोवर गाडी रॅम्पवरून थेट आत जाते, पायी जाणाराही सपाटीवरून चालत चढतो. हा फरक नकाशावर दिसत नाही आणि निर्णय मात्र यावरच व्हायला हवा. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरान चांगल्या आहेत, काहींच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही धरलेली असते, पण नवी मुंबईहून सीएसएमटी, तिथून टॅक्सी, मग गेटवेची गर्दी असं तीनदा चढ-उतार करावं लागतं. शिवाय पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, त्या बंद असतात.

धक्क्यापर्यंत जायला उलवे, नेरुळ, बेलापूरकरांनी अटल सेतू घ्यावा. शिवडीला उतरून दक्षिणेकडे वळलं की धक्का लांब नाही. सुरू झाला तेव्हा कारला एकेरी टोल २५० रुपये आणि परतीसह ३७५ ठरला होता, हा खर्च हिशोबात धरा. दुचाकी आणि रिक्षांना सेतूवर परवानगी नाही. वाशी-ऐरोलीकरांना खाडीपूल, चेंबूर आणि पूर्व मुक्त मार्ग सोयीचा. गाडी न्यायचीच नसेल तर हार्बरच्या लोकलने डॉकयार्ड रोड आणि तिथून टॅक्सी. भाऊचा धक्का हे मासळी उतरवायचं बंदर आहे, पहाटे तिथे टेम्पो, बर्फाच्या गाड्या आणि पाट्या यांची लगबग असते आणि वास असतो. पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे नाकाला रुमाल लावायची वेळ येणार नाही आणि कदाचित त्यांना बघायलाही आवडेल.

तिकीट ऑनलाइन आधीच काढायचं. पाहुण्यांकडे भारतीय मोबाइल नंबर नसेल तर ओटीपीवर गाडं अडतं, म्हणून आरक्षण घरातल्या कुणीतरी आपल्या फोनवरून करावं. आणि आधी परतीचं. जायच्या फेरीला जागा मिळते, रविवारी संध्याकाळच्या मांडवा-मुंबई फेरीला गाडीची जागा सगळ्यांत आधी संपते. गाडीचं भाडं आकारमानावर, म्हणून घरात दोन गाड्या असतील तर लहान काढा. मोठी गाडी नेऊन सात जण कोंबण्यापेक्षा लहान गाडीत आजी-आजोबा, मुलं आणि सामान, बाकीच्यांनी लोकलने डॉकयार्ड रोड गाठून पायी तिकिटावर चढायचं, हे स्वस्त पडतं.

बोटीत गाडी घेताना काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पहिल्यांदा जाणारे इथेच गोंधळतात. एका खेपेत दीडशेच्या आसपास गाड्या मावतात, म्हणजेच त्या एकमेकींना खेटून लावतात. दार अर्धंच उघडतं. काठी वापरणाऱ्या माणसाला त्या फटीतून बाहेर काढणं कठीण, म्हणून त्यांना गाडी बोटीत घेण्याआधीच धक्क्यावर उतरवा आणि एकाने सोबत राहून पायी चढवा. आत गेल्यावर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आरसे मिटवा. अलार्म बंद करता येत असेल तर करा, बोटीच्या इंजिनाच्या थरथरीने काही गाड्यांचे भोंगे वाजतात आणि समुद्रात असताना खाली जाऊन ते बंद करता येत नाहीत. पाण्याची बाटली, टोप्या, औषधं, बाळाचं दूध एका पिशवीत काढून घेऊनच वर जा. वर वातानुकूलित बसायची जागा आणि उघडा डेक असे दोन्ही पर्याय आहेत. मळमळणाऱ्यांना एसीत बसवू नका. बाहेर, बोटीच्या मधल्या भागात बसवून लांबच्या किनाऱ्याकडे बघायला सांगा. गोळी द्यायची असेल तर चढायच्या अर्धा-पाऊण तास आधी, बोट हलायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. सकाळी समुद्र शांत असतो, दुपारी खारे वारे जोर धरतात, त्यामुळे परतीची फेरी जाण्याच्या फेरीपेक्षा जास्त हलते. गोळी परतीसाठी राखून ठेवा.

डेकवर उजव्या हाताला बसलात तर जाताना नौदलाच्या गोदीतली जहाजं, गेटवे, ताज असं सगळं शहर सरकत जातं. डाव्या हाताला जवाहर द्वीपाला लागलेली तेलाची जहाजं, त्यामागे घारापुरीचा डोंगर आणि उरणची किनारपट्टी. नौदलाच्या भागाचे फोटो काढू नका, ड्रोन तर पिशवीतून बाहेरही काढू नका. थंडीत कुरव पक्षी बोटीमागे येतात आणि लोक त्यांना वेफर्स-शेव टाकतात. खारट तळलेलं पक्ष्यांना अपायकारक असतं. मुलांना नुसतं बघू द्या, ते पुरेसं सुंदर आहे.

आता दिवस कसा निवडायचा, कारण अलिबागच्या सहलीचा अर्धा आनंद कुलाबा किल्ल्यात आहे आणि किल्ल्यात जायचं की नाही हे रविवार ठरवत नाही, तिथी ठरवते. किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे आणि ओहोटीलाच चालत जाता येतं. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचारला भरती, आणि तिच्या सुमारे सहा तास आधी, दहाच्या सुमाराला ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे सहलीला गेलेल्या माणसाला भर दुपारी किल्ल्याभोवती फक्त पाणी दिसतं.

मग अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी येते, तीच सोयीची नाही का? इथे बरेच जण फसतात. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते. चंद्र-सूर्याची ओढ काटकोनात असल्यामुळे भरतीही लहान आणि ओहोटीही उथळ, पाणी पुरतं मागे हटत नाही. वेळ बरोबर साधते आणि वाट मात्र गुडघाभर पाण्यात राहते. म्हणून चतुर्थी-पंचमीची सकाळ किंवा द्वादशी-त्रयोदशीची दुपार निवडा. या दिवसांत ओहोटीची वेळही सोयीची असते आणि पाणीही बऱ्यापैकी उतरतं. पाऊणपटीचा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, तेव्हा अखेरचा शब्द भरती-ओहोटीच्या तक्त्याचा. त्यात वेळेबरोबर मीटरमधली उंचीही बघा, ओहोटीच्या पाण्याची उंची जितकी कमी तितकी वाट कोरडी. पाणी उतरत असताना आत शिरायचं आणि ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात बाहेर पडायचं. पाणी आधी वाटेच्या सखल भागांत भरतं, त्यामुळे किल्ल्याच्या दारातून वाट उघडी दिसते आणि मधे गेल्यावर पाणी लागतं. वाट खडकाळ, खडकांना कालवांच्या धारदार कडा. पट्ट्याच्या सॅंडल घाला, फटफट वाजणारी रबरी चप्पल वाळूत रुतून निघते आणि अनवाणी गेलात तर तळवा कापतो. चालवत नसेल त्यांच्यासाठी घोडागाडी असते, भाडं चढण्याआधी ठरवा आणि ते जाऊन-येऊन आहे का ते स्पष्ट विचारा.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे बळकट ठाणं. मुलांना दोन गोष्टी दाखवाच: चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत असलेलं गोड्या पाण्याचं टाकं, आणि उत्तरेच्या तटावरच्या चाकांच्या गाड्यावरच्या तोफा, ज्यांवर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या ओतशाळेचं नाव आहे. इंग्लंडात वाढणारी मुलं ते नाव स्वतः वाचतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. आतलं गणपतीचं मंदिर रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं आहे.

किल्ल्याच्या तिकिटाच्या खिडकीवर परदेशी नागरिकाचा दर भारतीयाच्या दराच्या कितीतरी पट असतो. पाहुण्यांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल तर राष्ट्रीय स्मारकांच्या प्रवेशशुल्कात त्यांना भारतीयांइतकाच दर लागू आहे, ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने. पण कार्ड हातात हवं, घरी कपाटात नको. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पैशांचंही असंच: परदेशी कार्ड शहाळेवाल्याकडे चालत नाही आणि पाहुण्यांच्या फोनमध्ये यूपीआय असेलच असं नाही. पन्नास-शंभरच्या नोटा बरोबर ठेवा.

किनारा कुठला? अलिबागची वाळू काळसर आणि चिखलाळ, गर्दीही तिथेच. खेळायला वरसोली किंवा नागाव बरं, मांडव्याकडून येताना किहीम वाटेवर पडतं. काशीदची पांढरी वाळू सगळ्यांनाच हवी असते, पण ते अलिबागच्या पुढे आणखी तीस किलोमीटर. रोरोने येऊन एका दिवसात काशीद गाठायला गेलात तर सगळा दिवस गाडीत जाईल, शिवाय तिथलं पाणी आत ओढणारं आहे. स्विमिंग पूलमध्ये तरबेज असलेल्या मुलांना इथे मोकळं सोडू नका. पाणी चढत असताना, कमरेच्या खाली, मोठ्या माणसाचा हात धरून. ओहोटीच्या उतरत्या पाण्यात नाही. दुपारच्या उन्हात सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे, सावलीत तासभर छान जातो आणि ते मांडव्याच्या रस्त्यावरच आहे.

पावसाळ्यात आलेल्या पाहुण्यांसाठी बेत वेगळा. रोरो पावसाळ्यातही चालते, हाच तिचा मोठा फायदा, पण हवामान बिघडलं तर फेरी रद्द होते. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी ही सहल ठेवू नका. किल्ल्याचा विचार सोडा, पाण्यात उतरणं सोडा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात ताटातली मोठी मासळी बहुधा बर्फातली. तेव्हा सुरमईसाठी हट्ट धरण्यापेक्षा सोड्यांचं कालवण, सुकटीची चटणी आणि घावणे मागवा. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या जेलीफिशही वाहून येतात. वाळूत पडलेल्या असल्या तरी डंख मारतात, मुलांना उचलू देऊ नका.

जेवणात एक गोष्ट सकाळी फोनवरच सांगायला हवी. खाणावळीत माशाच्या तुकडीला मसाला आधीच लावून मुरत ठेवलेला असतो, त्यामुळे ताटावर बसल्यावर ‘तिखट कमी करा’ म्हणून काही होत नाही. मुलांसाठी हळद-मीठ-लिंबू लावलेल्या चार तुकड्या वेगळ्या ठेवा असं आधी सांगितलं तर बहुतेक जण आनंदाने ठेवतात. मुलांना सुरमई द्या, मधला काटा मोठा आणि सहज निघणारा.

डिसेंबर-जानेवारीत आलात तर पोपटी खाल्ल्याशिवाय परतू नका. हीही आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्डा या वासाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे मसाला लावलेलं चिकन, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मडकं पालथं घालून भोवती पाचोळा-पेंढा पेटवतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत, सगळं शेंगांच्या ओलाव्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिजतं. वरून शिंपडलेलं पाणी चर्र करून लगेच उडालं की मडकं काढायचं. शेंगा जून असतील तर कोरड्या होतात आणि भांबुर्डा कमी पडला तर तो वास येत नाही, म्हणून दोन्ही विचारून घ्या. पोपटी एरवी रात्रीची, पण तुम्हाला परतीची फेरी पकडायची आहे, तेव्हा चारपर्यंत मडकं उतरायला हवं असं बजावून सांगा.

परतीला अलिबागहून फेरीच्या किमान दोन तास आधी निघा. चोंढीच्या नाक्यावर सुट्टीच्या संध्याकाळी गाड्या साचतात. पायी तिकिटावर आलेल्यांनी सकाळीच रिक्षा किंवा टॅक्सी दिवसभरासाठी ठरवावी, ॲपवरची गाडी परतीला मिळेलच असं धरून चालू नका. २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा शक्यतो टाळा, जायचंच तर मंगळवार-बुधवार. आणि वाटेत माळा लटकलेला पांढरा कांदा दिसला (हंगाम जानेवारीअखेरीपासून मेपर्यंत, २०२१ पासून भौगोलिक मानांकन) तर आपल्या घरासाठी जरूर घ्या. पाहुण्यांच्या बॅगेत मात्र घालू नका, ऑस्ट्रेलिया-अमेरिकेच्या विमानतळावर ताजा भाजीपाला काढून घेतात आणि न सांगता नेला तर दंडही होतो.